सॉफ्टनर चालतोय का? टीडीएस पेन नको, हार्डनेस किट घ्या

बोअरला सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र) बसवला की लोक टीडीएस पेन (विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारं मीटर) बुडवतात आणि आकडा उतरला नाही म्हणून मेकॅनिकशी भांडतात. तो उतरणारच नाही. सॉफ्टनरमधलं रेझिन (बारीक मणी) पाणी जड करणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून बदल्यात सोडियम सोडतं, त्यामुळे विरघळलेले क्षार जवळपास तेवढेच राहतात. पेन मोजतं विद्युतवाहकता. पाणी किती जड हे कळायला थेंब मोजायचं साधं हार्डनेस किटच हवं.

किटमध्ये अमोनिया बफर (पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली माप, 10 च्या आसपास धरणारं द्रावण), ईबीटी या रंग बदलणाऱ्या सूचकाची पूड आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून घेणाऱ्या ईडीटीएची ड्रॉपर बाटली असते. 10 मिली पाण्यात बफरचे 5 थेंब आणि चिमटीभर पूड टाका. पाणी जड असेल तर रंग कोकम सरबतासारखा लाल होतो. मग ईडीटीए एकेक थेंब, दर थेंबाला हलवत. जांभळा दिसला म्हणून थांबू नका. लाल झाक पूर्ण जाऊन स्वच्छ निळा यायला हवा. या किटमध्ये एक थेंब म्हणजे 25 मिग्रॅ/लिटर, म्हणजे 12 थेंब झाले तर 300. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस 10500 या भारतीय मानकाची मर्यादा 200 आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 600.

पंचवीसची पायरी तशी ढोबळच. 20 मिली पाणी आणि दुप्पट बफर घेतला की ती 12.5 वर येते. ड्रॉपर तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो, तेव्हा उभाच धरा. बफर टाकल्यावर पाच मिनिटांत काम संपवा, नाहीतर पीएच 10 ला कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं आणि आकडा कमी येतो. बफरचं झाकण सैल राहिलं तर अमोनिया उडून जातो, पीएच घसरतो आणि रंग धड बदलत नाही. शंका आली तर बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरवर करून बघा: ईडीटीए न टाकताच निळा दिसला पाहिजे.

डाळ शिजत नाही त्या घरांना या किटचा आणखी एक उपयोग. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला आवळून धरतं, म्हणून ती कडक राहते. पाणी दहा मिनिटं उकळून, निववून, गाळून पुन्हा तपासा. 300 चे 150 झाले तर निम्मा जडपणा बायकार्बोनेटचा. डाळीला हेच पाणी वापरा. आकडा हलला नाही तर तो सल्फेट-क्लोराइडचा, तिथे उकळून गॅस जाळू नका.

पूड कोरडी ठेवली तर बराच काळ टिकते. ईबीटीचं तयार द्रावण मात्र लवकर खराब होतं, म्हणून पूडवालंच किट घ्या.