पेंचची दोन मुक्कामांची सहल : सिल्लारीची जिप्सी आणि कोलितमाऱ्याची बोट

मौदा तालुक्यातील आमच्या धानाच्या बांध्यांना पेंचच्या नहराचे पाणी मिळते, परंतु ते पाणी ज्या नदीतून येते ती नदी आमच्या घरात कोणीही डोळे भरून पाहिलेली नव्हती. यंदा मे महिन्यात आई-बाबा, आम्ही दोघे आणि सहावीतली मुलगी असे पाच जण पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटजवळच्या एका खासगी रिसॉर्टचे ‘सफारी आणि नदी’ नावाचे दोन मुक्कामांचे पॅकेज घेऊन गेलो. आमच्यासारखी म्हातारी माणसे आणि मुले बरोबर घेऊन जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. हातभर लांब लेन्स घेऊन जाणाऱ्यांचे निकष वेगळे असतात, आणि त्यांच्या कामाचे येथे फारसे काही सापडणार नाही.

आधी पॅकेजमधली गफलत सांगतो, कारण तिचा त्रास सर्वांत जास्त झाला. नकाशावर सिल्लारी आणि कोलितमारा ही दोन्ही ठिकाणे एकाच जंगलाच्या कडेला दिसतात, त्यामुळे सकाळी सफारी आणि दुपारी बोट हा कार्यक्रम कागदावर सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात मध्ये जंगल आहे आणि रस्ता त्याला वळसा घालून जातो. सिल्लारीहून पवनीला महामार्गावर यायचे, मनसरपर्यंत खाली उतरायचे, तेथून पारशिवनी गाठायची आणि मग पुन्हा जंगलाकडे वळायचे, यात आमचे दोन तास गेले. रिसॉर्टच्या माणसाने फोनवर ‘बाजूलाच आहे’ असे सांगितले होते. भर उन्हात मागच्या सीटवर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेल्या आईने हे ‘बाजूलाच’ प्रकरण पुढे दोन दिवस पुरवून पुरवून वापरले. ज्यांना दोन्ही करायचे असेल त्यांनी एक मुक्काम सिल्लारीकडे आणि एक पारशिवनीच्या बाजूला करावा. या वळशात मिळालेली एकच चांगली गोष्ट म्हणजे पारशिवनीत खाल्लेले तर्री-पोहे. रिसॉर्टच्या दोन्ही दिवसांच्या पनीर-बुफेपेक्षा त्यांची चव जास्त लक्षात राहिली.

खोल्या स्वच्छ होत्या, कूलर चालू होता, पाणी भरपूर होते; त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार रात्रीची आहे. पेंचच्या महाराष्ट्रातील भागाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (कृत्रिम उजेड कमी ठेवून रात्रीचे आकाश जपलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली, आणि सिल्लारीजवळच्या वाघोडा बांधापाशी आकाश पाहण्यासाठी वेधशाळा उभी राहिली आहे. अशा ठिकाणी राहायला आल्यावर आकाश पाहावे एवढीच मुलीची मागणी होती. आमच्या रिसॉर्टने मात्र हिरवळीवर चार मोठे फ्लडलाइट लावले होते आणि दहा वाजेपर्यंत स्पीकरवर गाणी चालू ठेवली होती. विनंती केल्यावर गाणी बंद झाली. दिवे मात्र ‘सेक्युरिटीसाठी’ तसेच राहिले. शेवटी आम्ही इमारतीच्या मागे, धुण्याच्या दोऱ्यांजवळ खुर्च्या टाकून बसलो आणि तेथून जेवढे दिसले तेवढे आकाश पाहिले. एवढे आकाश आमच्या गावात वीज गेली की ओसरीवरून फुकट दिसते.

सफारीची व्यवस्था चोख होती. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, सोबत चालक आणि गाइड असतो, आणि गेटवर प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र तपासले जाते. झेरॉक्सवर विसंबून जाऊ नये. मे महिन्यात पहाटे साडेपाचच्या आधी रांगेत उभे राहावे लागते, आणि पहिला तासभर हवा इतकी गार असते की बाबांनी उपरणे कानाभोवती गुंडाळून घेतले. आठ वाजल्यानंतर मात्र धूळ आणि ऊन यांपुढे काही चालत नाही. गुडघेदुखी असलेल्या माणसाला जिप्सीत चढणे-उतरणे आणि तीन-चार तास आदळत बसणे जड जाते, ही गोष्ट आरक्षणाच्या वेळी कोणी सांगत नाही. आईला मधल्या सीटवर बसवून पाठीशी चादरीची घडी दिली तेव्हा कुठे तिचे निभावले.

आमचा गाइड जवळच्याच गावचा तरुण होता आणि त्याचे जंगल पाठ होते. उन्हाळ्यात पाने झडलेल्या सागामध्ये कुलूची पांढरी खोडे उभी असतात, त्यांना पर्यटक ‘घोस्ट ट्री’ म्हणतात. त्या खोडाला हात न लावता त्याने साल, डिंक आणि त्या डिंकासाठी झाडाला होणाऱ्या जखमा हे सारे नीट समजावून सांगितले. मोहाची फुले वेचताना अस्वलाची भीती कशी असते हे त्याने आईला तिच्याच बोलीत सांगितले, आणि तेथपासून ती दोघे बोलतच राहिली. एका पाणवठ्यावर गवा पाहिला. जवळून पाहिलेल्या गव्याचा आकार मनातून जात नाही. थोड्या वेळाने चितळाचा कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा, ऐकू आला, आणि मग जे होते तेच झाले : आठ-दहा जिप्सी एका वळणावर गोळा झाल्या, धूळ उठली, आणि वाघाने अर्ध्या मिनिटात रस्ता ओलांडला. मुलीला वाघ दिसला. बाबांना शेपटी दिसली. आईच्या वाट्याला पुढच्या जिप्सीत उभ्या राहिलेल्या माणसांच्या पाठी आल्या.

परतताना एका मोकळ्या पट्ट्यात रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप दिसला आणि जिप्सी थांबली. शेजारच्या गाडीतील पुण्याचे कुटुंब फोटो काढू लागले, तेव्हा बाबा हळूच म्हणाले, “एवढे पैसे देऊन रोहीच पाहाची होती, तं आपल्या वावरात काय कमी होती का?” हरभरा उगवला की आम्ही रात्र-रात्र ज्यांच्यामागे टेंभा घेऊन फिरतो, त्यांच्याकडे कौतुकाने पाहणे घरच्यांना जमले नाही, हे कबूल करतो. खेड्यातील कुटुंबाने सफारीचे पैसे मोजण्यापूर्वी हा भागही विचारात घ्यावा.

कोलितमाऱ्याला पोहोचेपर्यंत या सहलीला मी पाचपैकी दोन गुण देण्याच्या बेतात होतो. दोनाचे चार झाले ते नदीमुळे. येथे वर तोतलाडोहचे धरण आणि खाली नवेगाव खैरीचे धरण आहे. तोतलाडोहला १६० मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे, आणि नागपूर शहर ज्या पेंचचे पाणी पिते ते नवेगाव खैरीच्या जलाशयातून उचलले जाते. दोन्ही काठांना डोंगर आणि जंगल, मध्ये हिरवे संथ पाणी, आणि त्यावर आमची मोटारबोट. लाइफ जॅकेट प्रत्येकाला घालावेच लागते. आईने साडीवर ते घालताना लाजून इकडेतिकडे पाहिले, पण चालकाने बंद आवळल्याशिवाय बोट हलवली नाही, याचे समाधान वाटले. येथे धूळ नाही, धक्के नाहीत, गुडघे दुमडून बसावे लागत नाही, आणि पुढच्या गाडीतील कोणाची पाठ आड येत नाही. पाणकावळे बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांवर पंख पसरून वाळवत बसले होते. एका खडकावर मगर पडून होती. ती आधी आईनेच पाहिली आणि सगळ्यांना दाखवली. वळणावर चालकाने इंजिन बंद केले आणि बोट आपोआप वाहू दिली, तेव्हा पाण्यावर उतरलेल्या सांबराच्या खुरांचा आवाज ऐकू आला. दुपारच्या उन्हात पाण्यावर टोपी आणि पिण्याचे पाणी मात्र लागतेच; उन्हाळ्यात शक्यतो सकाळची फेरी घ्यावी.

बोट परत काठाला लागत असताना बाबा चालकाच्या जवळ सरकून बसले. काठच्या दगडांवर पाणी ओसरल्याची पांढुरकी रेघ स्पष्ट दिसत होती. तिच्याकडे बोट दाखवून त्यांनी मागच्या वर्षी याच दिवसांत पाणी कुठवर होते ते विचारले. मग मृग लांबला तर पऱ्ह्यांपुरते, म्हणजे धानाच्या रोपांपुरते, पाणी नहराला सोडतील का, हे विचारले. चालकाचेही दोन एकर धान होते. आम्ही जॅकेटे काढून ठेवली, मुलगी पाण्यात पाय सोडायला निघाली म्हणून तिला मगरीची आठवण करून दिली, आणि गाडीपाशी जाऊन थांबलो, तरी ते दोघे बोटीतच बसून होते.