गोड किती, त्याआधी किती वेळा: दातांसाठी काय निवडावं?

दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतून उठताना बहुतेकांना एकच सल्ला मिळतो, ‘गोड कमी करा’. घरी आल्यावर खरे प्रश्न सुरू होतात. साखरेऐवजी मध चालेल का? कोला सोडून फळांचा रस घेतला तर? बिस्किटांच्या जागी मनुका? यातल्या काही अदलाबदली दातांच्या खरोखर फायद्याच्या आहेत, काही नुसत्या मनाच्या समाधानाच्या, आणि एखाद-दुसरी आधीपेक्षाही वाईट.

तुलना करायची तर आधी मोजपट्टी हवी. दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हे त्यातलं सगळ्यात बदनाम नाव. या थराचा पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा (जितका कमी, तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतं. ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच पीएच कोसळतो आणि सावरायला अर्धा ते एक तास घेतो, हे दंतसंशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात मोजून दाखवलं. सावरण्याचं काम लाळ करते. ती आम्ल धुऊन काढते आणि गेलेलं खनिज थोडंथोडं परत बसवते, पण त्यासाठी तिला मोकळा वेळ लागतो. म्हणून कुठल्याही पदार्थाला दोन प्रश्न विचारायचे: यामुळे पीएच किती वेळ खाली राहणार, आणि दिवसातून किती वेळा?

एकदाच पोटभर, की येता-जाता चिमूटभर?

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो, आणि बहुतेक लोक नेमकं इथेच चुकतात. जेवणानंतर मिठाईचे तीन तुकडे एकदम खाणारा माणूस खादाड वाटतो. एकच तुकडा दर तासाला थोडाथोडा तोंडात टाकणारा संयमी. दातांचा हिशोब उलटा आहे. पहिल्याच्या तोंडात आम्लाची एकच लाट येते. दुसऱ्याच्या तोंडात पहिली ओसरण्याआधीच दुसरी येते आणि लाळेला डागडुजीची संधीच मिळत नाही.

याचा सर्वात ठळक पुरावा स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म रुग्णालयातला. १९४५ ते १९५३ या काळात तिथल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना वेगवेगळ्या रूपांत आणि वेगवेगळ्या वेळी साखर देऊन दातांचं काय होतं ते पाहिलं गेलं. जेवणासोबत पेयातून दिलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. जेवणांच्या मधल्या वेळात दिलेल्या चिकट टॉफीने ती झपाट्याने वाढली. संमती देऊ न शकणाऱ्या माणसांचे दात जाणूनबुजून किडवण्याचा हा प्रकार आज कुठलीच नीतिसमिती मान्य करणार नाही. तरीही दंतवैद्यकातला ‘दोन जेवणांच्या मध्ये गोड नको’ हा सल्ला बराचसा त्याच अभ्यासावर उभा आहे, आणि तो वाचताना मला दर वेळी अवघडल्यासारखं होतं.

म्हणजे मात्रेला महत्त्व नाही असं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त साखरेची (म्हणजे वरून घातलेली, तसंच मध आणि रसातली साखर) मर्यादा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवायला सांगितली आणि शक्य असेल तर ५ टक्क्यांखाली. २००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. पण मात्रा आणि वारंवारता यांपैकी एकच गोष्ट आधी बदलायची असेल, तर मी वारंवारता बदलेन. ते जमायलाही सोपं आहे, कारण आवडीचं काही सोडावं लागत नाही.

साखर की मध?

दातांसाठी दोन्ही सारखेच. मध ‘नैसर्गिक’ असल्याचं जिवाणूंना कुणी सांगितलेलं नाही. त्यातलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ते आनंदाने खातात. वरच्या ५० ग्रॅममध्ये मधही मोजला जातो. चवीसाठी मध घ्या, दातांसाठी नको.

फळ, रस आणि सुकामेवा

अख्ख्या फळातली साखर पेशींच्या आत बंद असते, शिवाय चावताना भरपूर लाळ सुटते. रस काढला की पेशी फुटतात, साखर मोकळी होते आणि चावण्याचं कामही उरत नाही. म्हणूनच अख्खं फळ मुक्त साखरेत धरत नाहीत, पण रस धरतात, मग तो घरी काढलेला ताजा का असेना. कोला बंद करून दिवसभर संत्र्याचा रस पिणाऱ्याने दातांपुरता फारसा मोठा बदल केलेला नसतो.

मनुका, खजूर, सुके अंजीर यांचं स्थान मधलं. त्यांत पोषण आहे, पण पाणी गेल्याने साखर दाटलेली असते. मूठभर द्राक्षांनी समाधान होतं. मूठभर मनुका म्हणजे मात्र कित्येक मुठी द्राक्षं. जेवणासोबत खुशाल खा. टेबलावर वाटी ठेवून दुपारभर एकेक उचलायचा असेल, तर त्यापेक्षा सफरचंद बरं.

पेयं: इथे दोन वेगळे शत्रू आहेत

कीड आणि झीज यांत आपण गल्लत करतो. किडीसाठी साखर आणि जिवाणू लागतात. झिजेला जिवाणूंची गरज नाही. पेयातलं आम्लच एनॅमल थेट विरघळवतं. साध्या कोलाचा पीएच २.५ च्या आसपास असतो, त्यामुळे तो दोन्हीकडून मारतो. डाएट कोलात साखर नसल्याने किडीच्या बाबतीत तो नक्कीच उजवा, पण आम्ल त्यातही आहे. म्हणजे शुगर-फ्री लेबल पाहून दिवसभर घोटघोट पिणाऱ्याचे दात किडणार नाहीत कदाचित, झिजतील.

हे मी स्वतःवर करून पाहिलेलं आहे. वजनाच्या नादात काही महिने लिंबूपाणी बाटलीत भरून कामाच्या टेबलावर ठेवत होतो. साखरेचा कण नाही, म्हणून निर्धास्त. मग थंड पाण्याने समोरच्या दातांत कळ यायला लागली. आंबट खाल्ल्यावर दात आंबतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. ते रोज, तासन्‌तास आंबवत ठेवले तर काय होईल याचा विचार मी केला नव्हता. गेलेलं एनॅमल परत उगवत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात.

आंबट पेय घ्यायचंच असेल तर जेवणाबरोबर आणि एका बैठकीत संपवा. तोंडात घोळवू नका. नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका, कारण त्या वेळी एनॅमलचा वरचा थर मऊ झालेला असतो. दुधाचा पीएच ६.७ च्या आसपास. त्यातली लॅक्टोज ही साखर जिवाणूंना कमी सोयीची असते, आणि कॅल्शियम-फॉस्फेट सोबतच येतं. बिनसाखरेचं दूध म्हणून इतर पेयांच्या पुढे आहे. तरी झोपताना बाळाच्या तोंडात बाटली ठेवायची असेल तर दूधही नको. झोपेत लाळ आटते आणि दातांभोवती साचलेलं दूध धुऊन काढायला कोणी नसतं. दिवसभर सोबत ठेवायची बाटली एकच, साध्या पाण्याची.

मधल्या भुकेला: चिप्स, चॉकलेट की चीज?

टॉफी बोटांना चिकटते म्हणून ती दाताला सर्वात जास्त वेळ चिकटणार असं वाटतं. प्रत्यक्षात ती लाळेत विरघळून निघून जाते, तर बिस्किट आणि चिप्सचा लगदा दाढांच्या खाचांत बराच जास्त वेळ बसून राहतो. लाळेतलं अमायलेझ हे पाचकद्रव्य त्यातल्या स्टार्चची साखर करत राहतं. टॉफी त्यामुळे निर्दोष ठरत नाही, पण ‘मी गोड खात नाही, फक्त खारं खातो’ म्हणणाऱ्याने स्वतःला वगळू नये.

चीज, साधे शेंगदाणे किंवा बदाम हे मधल्या वेळेचे सर्वांत चांगले पर्याय. त्यातही चीज पहिलं: ते चावताना लाळ वाढते, पीएच वर जातो आणि कॅल्शियमही मिळतं. काहीच जमलं नाही तर जेवणानंतर वीसेक मिनिटं बिनसाखरेचं च्युइंग गम. झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरलं जाणारं गोडद्रव्य असलेलं मिळालं तर उत्तम, कारण त्यापासून जिवाणूंना आम्ल करता येत नाही. घरात कुत्रा असेल तर मात्र ते पाकीट वर ठेवा, झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं.

अन्न की गोळ्या?

दात घडत असताना, म्हणजे लहान वयात, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता एनॅमलला कायमची कमजोर करू शकते. मोठेपणी कॅल्शियमची गोळी किडीचं भोक बुजवत नाही. हिरड्यांचं वेगळं आहे, त्या जिवंत ऊती आहेत. क जीवनसत्त्व संपलं की त्या सुजतात, रक्ताळतात. जहाजावरचे डॉक्टर जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये स्कर्व्ही (याच जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) झालेल्या खलाशांना संत्री-लिंबं देऊन फरक दाखवला होता. रोज फळं-भाज्या पोटात जात असतील तर त्यासाठी वेगळी गोळी नको, आणि तरीही हिरड्यांतून रक्त येत असेल तर कारण बहुधा साचलेला थर आहे, जीवनसत्त्व नव्हे.

आता निवड तुमच्या तोंडाप्रमाणे करा. नव्या कीड लागलेल्या दाढा असतील तर मधल्या वेळचं गोड आणि पिठूळ आधी तोडा. दात पिवळट, पातळ, कळ येणारे झाले असतील तर आंबट पेयं आधी. औषधांमुळे तोंड कोरडं पडत असेल तर दोन्ही बाबतींत जास्त कडक राहावं लागेल, आणि खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या बिनसाखरेच्याच घ्या. काहीच ठरत नसेल तर तीन दिवस कागदावर फक्त वेळा लिहा, पदार्थ नको. पाण्याव्यतिरिक्त जे काही तोंडात गेलं, त्याची प्रत्येक वेळ. माझ्या कागदावर पहिल्या दिवशी चौदा वेळा निघाल्या, आणि मला वाटत होतं मी चारदा खातो.