हुकूम की सेवा? मंडळीच्या (चर्चच्या) नव्या सेक्रेटरीसाठी

भाची मंडळीच्या कमिटीवर निवडून आली. विचारत होती, "मावशी, कडक राहू की ऐकून घेऊ?" बायबलमध्ये शखेम गावी शलमोनाचा मुलगा रहबाम राजापुढे हेच दोन सल्ले होते.

वेग: हुकमाने काम लगेच होतं.

टिकाऊपणा: खरा फरक इथे. वृद्ध म्हणाले, आज लोकांचा सेवक हो, ते कायम तुझे राहतील. रहबामाने मात्र कडक राहा म्हणणाऱ्या तरुण सोबत्यांचं ऐकलं. बापाने चाबूक मारले, मी विंचवांनी मारीन म्हणाला. इस्राएलाचे दहा वंश त्याच्यापासून तुटले, वेठीवरचा अधिकारी अदोराम लोकांच्या दगडांखाली मेला. उलट येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेसुद्धा!

कष्ट: सेवेत जास्त. गुडघे टेकावे लागतात.

मंडपाला आग लागली तर हुकूमच दे. वर्गणी, हिशेब, भांडणं असली की आधी त्यांच्या घरी जाऊन बस.