शस्त्रबंदी मोडणारं संशयित जहाज: भर समुद्रात चढायचं, मागं लागायचं की बंदरात धरायचं?

सांगली-साताऱ्याच्या अभ्यासिकांमधली पोरंपोरी मॉक इंटरव्ह्यूला नाहीतर कॉलेजच्या वादविवादाला हा प्रश्न हमखास घेऊन बसतात, की समजा तुम्ही परराष्ट्र खात्यात आहात, एक मालवाहू जहाज निघालंय, पोटात बंदी असलेली शस्त्रं असल्याचा संशय आहे, काय कराल? आणि दहातले आठ जण लगेच म्हणतात नेव्ही पाठवा, वर चढा, झडती घ्या. मला हे उत्तर अजिबात पटत नाही. का पटत नाही ते घडलेल्या केसेस शेजारीशेजारी ठेवून सांगतो, बाजू तुम्हीच ठरवा.

आधी कायदा, कारण तो माहीत नसेल तर पुढचं सगळं हवेत. भर समुद्रात जहाजावर हुकूम चालतो तो ज्या देशाचा झेंडा लावलाय त्या देशाचा. १९८२ च्या समुद्र कायदा कराराचं कलम ९२ हेच सांगतं. दुसऱ्या देशाच्या युद्धनौकेनं चढायची मुभा कलम ११० मध्ये आहे पण ती चाचेगिरी, गुलामांची वाहतूक, जहाजाला देशच नसणं अशा ठरावीक कारणांसाठी, आणि शस्त्रं नेणं हे त्या यादीत नाही. म्हणून तर एवढी बोलणी, फोनाफोनी, राजदूतांना बोलावणं चालतं.

आता चढण्याचा पर्याय. डिसेंबर २००२, अरबी समुद्र, सो सान नावाचं जहाज, झेंडा नाही, नाव रंगवून झाकलेलं. स्पेनच्या नावारा या फ्रिगेटनं, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेनं, आधी इशाऱ्याचे गोळे झाडले आणि मग कमांडो उतरवले. सिमेंटच्या ४०,००० पोत्यांखाली उत्तर कोरियाची १५ स्कड मिसाइलं निघाली. कारवाई म्हणून एकदम चोख, झेंडा नसल्यामुळं चढणंही कायद्यात बसत होतं. पण येमेन म्हणालं माल आमचा, पैसे दिलेत, आणि स्पेननं अमेरिकेकडं सोपवलेलं ते जहाज दोन दिवसांत अमेरिकेला सोडून द्यावं लागलं, कारण येमेननं ती मिसाइलं घेऊ नयेत असं सांगणारा कुठला नियमच तेव्हा नव्हता. चढायचा अधिकार एक आणि माल ठेवून घ्यायचा अधिकार दुसरा, पोरं इथंच गडबडतात. या फजितीनंतर ३१ मे २००३ ला अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी पोलंडमध्ये क्राकोला पीएसआय (प्रोलिफरेशन सिक्युरिटी इनिशिएटिव्ह) जाहीर केलं, म्हणजे संशयित माल अडवायला देशांनी आपापसात आधीच समजुती करून ठेवायच्या.

बरं, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव असला तरी अडचण संपते असं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये लिबियाच्या शस्त्रबंदीसाठी युरोपियन युनियनची इरिनी मोहीम चालू होती, तिच्यातल्या जर्मनीच्या हॅम्बुर्ग फ्रिगेटनं तुर्कीचं रोझलिन ए हे जहाज अडवलं. सुरक्षा परिषदेचा २२९२ नंबरचा ठराव हाताशी होता, त्यात म्हटलंय की झेंड्याच्या देशाची संमती मिळवायचा प्रामाणिक प्रयत्न करा. यांनी चार तास वाट बघितली, उत्तर नाही आलं म्हणून हेलिकॉप्टरनं सैनिक उतरवले, मग तुर्कीचा निषेध आला आणि झडती अर्धवट टाकून परत फिरावं लागलं. सापडलं काहीच नाही. वर दोन नाटो देशांत भांडण.

मागं लागायचा पर्याय लोकांना मिळमिळीत वाटतो, मला तो खूप ताकदीचा वाटतो. जून २००९ मध्ये उत्तर कोरियाच्या अणुचाचणीनंतर सुरक्षा परिषदेचा १८७४ नंबरचा ठराव झाला आणि त्यात एक साधी पण जबर तरतूद होती, संशय असलेल्या जहाजाला इंधन द्यायचं नाही. लगेच त्याच महिन्यात उत्तर कोरियाचं कांग नाम १ हे जहाज निघालं, म्यानमारकडं चाललंय असा अंदाज, मागं अमेरिकेची जॉन एस. मॅकेन ही विनाशिका, कुणी गोळी झाडली नाही की कुणी चढलं नाही, नुसतं मागं मागं, आणि वाटेतल्या देशांशी बोलणी. थोड्या दिवसांत जहाज माघारी. २०११ च्या मे महिन्यात उत्तर कोरियाहून निघालेल्या एमव्ही लाइट या जहाजाचंही तेच झालं, झेंडा बेलिझचा, बेलिझनं झडतीला परवानगीसुद्धा दिली होती, कॅप्टननं चारदा नकार दिला, अमेरिकेनं जबरदस्ती केली नाही, आणि तेही जहाज वळून घरी गेलं. तोटा उघड आहे, आत काय होतं ते आजही पुराव्यानिशी सांगता येत नाही, आणि तोच माल दुसऱ्या वाटेनं गेला का याचाही पत्ता लागत नाही.

आता बंदर, आणि इथं आपल्याकडच्या वाचकानं नीट लक्ष द्यावं कारण यात साखर आहे. बंदरात किंवा आपल्या हद्दीतल्या पाण्यात जहाज आलं की तिथल्या देशाचे कस्टम्स, पोलीस, कोर्ट सगळे कामाला लागू शकतात. जुलै २०१३ मध्ये क्युबाहून परत चाललेलं उत्तर कोरियाचं चोंग चोन गांग हे जहाज पनामानं कालव्याच्या तोंडाशी कोलोनजवळ धरलं. वर साधारण १०,००० टन साखर, दोन लाखांवर पोती, म्हणजे हिशोब केला तर पोतं आपल्या कारखान्यात भरतात तसंच ५० किलोच्या आसपास. खलाशांनी विरोध केला, क्रेनच्या केबल्स तोडल्या, त्यामुळं ती पोती माणसांना पाठीवर-हातावर घेऊन उतरवावी लागली. सांगलीच्या मार्केट यार्डात हमालांना गूळ-हळदीची थप्पी उतरवताना ज्यानं बघितलंय त्याला दोन लाख पोती म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, तेही जहाजाच्या तळघरात, जुलैच्या दमट उकाड्यात. खाली निघाली दोन मिग-२१, विमानांची १५ इंजिनं, विमानविरोधी मिसाइलांची सामग्री. क्युबानं मान्य केलं की २४० टन जुनी संरक्षण सामग्री होती, दुरुस्तीला पाठवली होती, परत येणार होती. पण उत्तर कोरियावरच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावांनुसार दुरुस्तीसाठी नेणं पण बंदच होतं. मग ६,९३,३३३ डॉलर दंड भरून जहाज सुटलं, माल राहिला, आणि २०१४ मध्ये ते जहाज चालवणारी ओशन मेरिटाइम मॅनेजमेंट ही कंपनी सुरक्षा परिषदेच्या काळ्या यादीत गेली. सो सानमध्ये यातलं काही मिळालं का? नाही.

आपल्याच देशाचं उदाहरण तर पोरं विसरतातच. जून १९९९, कारगिल पेटलेलं, आणि गुजरातेत कांडला बंदरात साखर उतरवायला आलेल्या कू वोल सान या उत्तर कोरियाच्या जहाजात कस्टम्सला मिसाइलांचे सुटे भाग आणि यंत्रं सापडली, खोक्यांवर लिहिलेलं पाणी शुद्धीकरणाचं सामान आणि कागदावर ठिकाण माल्टा. याउलट ऑगस्ट २००९ मध्ये अंदमानजवळ परवानगी न घेता नांगर टाकलेलं मू सान हे उत्तर कोरियाचंच जहाज कोस्ट गार्डनं पाठलाग करून धरलं, काकीनाड्याला नेऊन तपासलं, आत १६,५०० टन साखर आणि शस्त्र एकही नाही, मग सोडलं. मला हे दुसरं उदाहरणही तितकंच महत्त्वाचं वाटतं, कारण बंदरात झडती घेऊन काही नाही निघालं तरी रोझलिनसारखा तमाशा होत नाही.

पण बंदरवाल्यांनी एक केस पाठ केल्याशिवाय उठू नये, ती म्हणजे सायप्रस. २००९ मध्ये मोंचेगोर्स्क नावाचं जहाज, झेंडा सायप्रसचा, दारूगोळा इराणहून सीरियाला, अमेरिकेनं तांबड्या समुद्रात तपासलं आणि शेवटी सायप्रसनं लिमासोलला बोलावून घेतलं. कायद्याच्या दृष्टीनं उत्तम, झेंडाही आपला आणि बंदरही आपलं. ९८ कंटेनर उतरवले आणि मारीच्या नौदल तळावर उघड्यावर रचले. सीरिया म्हणे परत द्या, पश्चिमेचे देश म्हणे देऊ नका, आणि कुणाला दुखवायचं नाही म्हणून सरकारनं निर्णय लांबवला, दारूगोळा उन्हात तापत राहिला. ११ जुलै २०११ च्या पहाटे स्फोट झाला, १३ माणसं गेली, शेजारचं वासिलिकोस वीज केंद्र उद्ध्वस्त झालं जे देशाची निम्मी वीज बनवायचं. ही माणसं डिप्लोमसीच्या टाळाटाळीनं मेली असं मी स्पष्ट म्हणतो, आणि हे आठवलं की माल जप्त केला, विषय संपला, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

तेव्हा वादविवादात उभं राहायचं असेल तर बंदराची बाजू घ्या, पण जप्त मालाचं कुणी, किती दिवसांत, कुठं काय करायचं हे त्याच दमात बोला, नाहीतर समोरचा सायप्रस काढून तुम्हाला गप्प करेल. लेखी निबंधाला चोंग चोन गांग घ्या, त्यात सुरुवातीपासून काळ्या यादीपर्यंत सगळं सापडतं. चढायची बाजू वाट्याला आलीच तर झेंडा नसलेल्या जहाजापुरतीच मांडा आणि सोबत ठराव दाखवा. इंटरव्ह्यूला मात्र पहिलं वाक्य पाठलागाचं ठेवा: झेंड्याच्या देशाशी बोलू, वाटेतल्या बंदरांना इंधन न द्यायला सांगू, जिथं चाललंय त्या सरकारला कळवू, आणि जहाज ज्याच्या बंदरात शिरेल त्याला लागेल ती मदत देऊ. बोर्डानं पुढं विचारलं की ते कुठल्याच बंदरात शिरलं नाही तर, तेव्हा कांग नाम १ सांगा.