डाउव्हेनड्रेख्तचे शेतघर भिंतीवर लावताना

लाल, निळ्या आणि पिवळ्या चौकटींसाठी ओळखल्या जाणाऱ्या पीट मॉन्द्रियान या डच चित्रकाराचे ‘डाउव्हेनड्रेख्तजवळचे शेतघर’ हे निसर्गचित्र मला फार प्रिय आहे. त्याची सुती कागदावर छापलेली ४० × ५० सेंटिमीटरची प्रत मी चार महिन्यांपूर्वी मागवली आणि आता ती माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोर आहे.

विक्रेत्याने हे चित्र ‘सुरुवातीच्या काळातील’ म्हणून दिले आहे, ते अर्धेच खरे आहे. ॲमस्टरडॅमलगतचे हे शेतघर मॉन्द्रियानने पहिल्यांदा रंगवले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. परंतु शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील ज्या चित्राची ही प्रत आहे, ते १९१६ च्या सुमाराचे आहे. १९१४ मध्ये तो पॅरिसहून मायदेशी आला, महायुद्ध सुरू झाल्यामुळे तिथेच अडकला, आणि घनवाद (वस्तू भौमितिक आकारांत मोडून दाखवणारी चित्रशैली) पचवून अमूर्त चित्रे करू लागल्यानंतरही या जुन्या विषयाकडे परतला. म्हणूनच पर्णहीन झाडांची ती उंच, गुंतलेली जाळी मला नुसते निसर्गवर्णन वाटत नाही. तिच्यात रेषेचा ध्यास लागलेला माणूस दिसतो.

प्रत पारखायची ती याच जाळीवर. मी पूर्वी दुसरीकडून घेतलेल्या चकचकीत कागदावरच्या प्रतीत बारीक फांद्या एकमेकींत मिसळून काळा डाग झाला होता आणि पाण्यातले शेतघराचे प्रतिबिंब जवळजवळ बुडाले होते. या प्रतीत मात्र फांदी फांदीपासून सुटी दिसते, आणि संधिप्रकाशातले मंद रंग कुठेही भडक झालेले नाहीत. पाण्याच्या सर्वांत गडद भागात थोडा तपशील हरवला आहे, तेवढी उणीव राहतेच.

आकाराविषयी आग्रहाने सांगतो. मूळ चित्र सुमारे ८६ × १०८ सेंटिमीटरचे असल्याने ४० × ५० मध्ये ते जवळपास पूर्ण बसते. त्याहून लांबट अशा ए-३ आकाराचा (सुमारे ३० × ४२ सेंटिमीटर) कागद भरण्यासाठी मात्र वरचे शेंडे किंवा खालचे प्रतिबिंब कापावे लागते, आणि या चित्रात आकाश व पाणी एकमेकांना तोलून धरत असल्यामुळे ती काटछाट खपत नाही. फ्रेमसाठी प्रतिबिंबरोधक काच घ्यावी. साध्या काचेत खिडकीचा उजेड नेमका त्या गडद पाण्यावर पडतो आणि शेतघराऐवजी आपलाच चेहरा दिसू लागतो.