आरसिंक: दुसऱ्यांदा बिनधास्त चालवता येणारी कॉपी

टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, एखाददुसरी फाइल कॉपी करायची असेल, तर सीपी ही कॉपीची कमांड पुरेशी आहे आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. अडचण येते ती हजारो फाइलींची डिरेक्टरी (फोल्डर) बाहेरच्या ड्राइव्हवर नेताना केबल निसटते आणि कॉपी मध्येच तुटते तेव्हा. किती फाइली पोहोचल्या याचा हिशेब सीपी ठेवत नाही, त्यामुळे तीच कमांड पुन्हा दिली की काम पहिल्या फाइलीपासून सुरू होते. त्याहून त्रासदायक गोष्ट अशी, की ज्या नावाची डिरेक्टरी आपण तयार करू पाहतो ती आधीपासून नसेल, तर सीपी त्या नावाने नक्कल बनवते. ती असेल, तर मात्र मूळ डिरेक्टरी तिच्या आत नेऊन ठेवते. एकही अक्षर न बदलता दुसऱ्यांदा दिलेली कमांड त्यामुळे वेगळाच परिणाम घडवते.

अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणलेले आरसिंक हे फाइली कॉपी करणारे साधन मला याच मुद्द्यावर सरस वाटते. प्रत्येक फाइलीचा आकार आणि ती शेवटची बदलल्याची वेळ ते दोन्हीकडे ताडून पाहते आणि जिथे फरक दिसेल तेवढ्याच फाइली नेते. नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव मिळते, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी खऱ्या नावाखाली अर्धवट फाइल सहसा सापडत नाही. मोठ्या फाइलीचा पोहोचलेला भाग जपायचा असेल, तर पार्शल हा पर्याय द्यावा.

मूळ डिरेक्टरीच्या नावाशेवटी स्लॅश दिला की तिच्यातला मजकूर जातो आणि न दिल्यास डिरेक्टरीच जाते, या नियमाबद्दल आरसिंकला बरेच बोल लावले जातात. ते मला अन्यायाचे वाटतात. हा नियम लक्षात ठेवावा लागतो हे खरे, पण पलीकडे ती डिरेक्टरी आधीपासून असो वा नसो, उत्तर बदलत नाही.

सोबत ए हा पर्याय मात्र हवाच. त्याने उपडिरेक्टऱ्या, सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या खुणा), परवानग्या आणि वेळा जपल्या जातात. उपडिरेक्टऱ्यांपुरता असलेला नुसता आर दिला तर नकलेवर आजची वेळ पडते आणि पुढच्या खेपेला आरसिंकला सगळ्याच फाइली बदललेल्या दिसतात. हार्ड लिंक (एकाच फाइलीची अनेक नावे) ए मध्ये येत नाहीत, त्यासाठी कॅपिटल एच वेगळा द्यावा लागतो. पूर्ण बॅकअप घेतल्याच्या समजुतीत असलेल्यांनी हे तपासून पाहावे.

वेगाबाबत अपेक्षा आवरती ठेवावी. फाइलीचा फक्त बदललेला भाग पाठवण्याची ज्या पद्धतीमुळे आरसिंक नावाजले गेले, ती नेटवर्कसाठी आहे. एकाच संगणकावरच्या दोन ड्राइव्हमध्ये ते मुळातच पूर्ण फाइल नेते, कारण तिथे फरक शोधण्यासाठी दोन्ही प्रती वाचण्यापेक्षा सरळ कॉपी करणे स्वस्त पडते. पहिल्या खेपेला म्हणूनच सीपीपेक्षा वेगळा लाभ जाणवणार नाही. आकार आणि वेळ तीच राहून आतला मजकूर बदलला असेल, तर नेहमीच्या तपासणीतून तो निसटतो. चेकसम हा पर्याय तो पकडतो, पण त्यासाठी फाइली पूर्ण वाचाव्या लागतात आणि मोठ्या संग्रहावर फार वेळ जातो.

खरी भीती डिलीट या पर्यायाची आहे. मूळ जागी नसलेल्या फाइली तो नकलेतूनही काढतो. मूळ जागा वाचताना चूक आली तर आरसिंक खोडण्याचे काम आपणहून थांबवते, ही काळजी मला फार मोलाची वाटते. पण मूळ ड्राइव्ह जोडलेलाच नसेल आणि त्याच्या जागी रिकामी डिरेक्टरी दिसत असेल, तर ती चूक ठरत नाही आणि सगळी नक्कल पुसली जाते. त्यामुळे डिलीट देण्याआधी तीच कमांड ड्राय-रन (प्रत्यक्ष काही न बदलता काय होईल ते दाखवणारा पर्याय) लावून चालवावी आणि येणारी यादी खरोखर वाचावी. मॅक्स-डिलीटने खोडायच्या फाइलींवर मर्यादाही घालता येते, आणि रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपमध्ये, जिथे यादी वाचायला कोणी नसते, तिथे ती मी असायलाच हवी असे मानतो.