चोर्ला घाटात गाडी ओढत नाही: टर्बोचा पाइप की डिझेल फिल्टर?

पणजीत नीट चालणारी टर्बो डिझेल गाडी चोर्ला घाटात मरगळली, म्हणून लगेच टर्बो बदलायला काढू नका.

टर्बोची दाबलेली हवा इंजिनकडे नेणारा इंटरकूलरचा पाइप फाटला असेल तर ॲक्सिलरेटर दाबताच फुसफुस ऐकू येते, बहुधा काळा धूर निघतो, जोडावर तेलकट काजळी दिसते. स्कॅनरवर पी०२९९ (टर्बोचा दाब कमी) कोड येऊ शकतो. गळती शोधायला आयडलवर साबणपाणी मारणं व्यर्थ, तेव्हा पाइपात दाबच नसतो. स्मोक टेस्ट (पाइपात धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. त्याआधी इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून स्कॅनरवर मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) पाहा: समुद्रकाठी सुमारे १०० किलोपास्कल दिसले पाहिजेत. नाहीतर सेन्सरच खोटं बोलतोय. मग चढावर इंजिनने मागितलेला आणि मिळालेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) ताडून पाहा. तफावत मोठी असेल तर गळती, किंवा टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा ॲक्च्युएटर अडकलेला.

फिल्टर तुंबला तर काळा धूर सहसा नसतो. लोड येताच रेल प्रेशर (इंजेक्टरना मिळणाऱ्या डिझेलचा दाब) मागणीच्या खाली घसरतं, कोड पी००८७. पावसाळ्यात फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, पाणी तळाशी बसतं.

फिल्टर स्वस्त, म्हणून गॅरेजात आधी तोच बदलतात. काळा धूर असेल तर पाइपच आधी तपासायला सांगा.